मूळचा कुठला?

कोलोरॅडो स्प्रिंग्ज या आमच्या शहराच्या पश्चिम अंगाला जिथे डोंगर सुरू होतो, तिथे बेअर क्रीक नावाचा एक ओढा खाली उतरतो. ओढा म्हणजे अक्षरशः ओढाच. उन्हाळ्याच्या अखेरीस बऱ्याच ठिकाणी तो एका ढांगेत ओलांडता येतो. पाइक्स पीक पर्वताच्या गुलाबी ग्रॅनाइटचा भुगा दोन्ही उतारांवरून सतत घसरत असतो आणि तळाशी जाड रव्यासारखा साचतो, त्यामुळे पाणी नितळ असले तरी ओढा किंचित तांबूस दिसतो. या पाण्यात वीतभर लांबीचा एक मासा राहतो. सोनेरी-तपकिरी अंग, शेपटीकडे दाट होत जाणारे मोठे काळे ठिपके आणि जबड्याखाली, कोणी सुरी फिरवली असावी अशी एक तांबडी तिरकी रेघ. या रेघेवरूनच त्याच्या सगळ्या भावकीला ‘कटथ्रोट’ म्हणजे गळा चिरलेला, असे नाव पडले आहे. याचे पूर्ण नाव ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट. त्याची पाठ हिरवी म्हणावी इतकी हिरवी मुळीच नसते. पण नाव सोनुबाई असण्याची रीत माशांतही असावी.

दोन वर्षांपूर्वी आई पुण्याहून आली होती, तेव्हा तिला मी हा ओढा दाखवायला नेले. वाटेवरच्या पाटीवर इथे मासेमारीला सक्त मनाई असल्याचे लिहिले होते. आईने पाटी वाचून घेतली, पाण्यात वाकून पाहिले, एका खडकाच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा असलेला मासा तिला दिसला, आणि तिने विचारले, “मूळचा इथलाच का गं हा?”

हा प्रश्न आपल्याकडे माणसांना विचारतात. लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांचे आडनाव विचारून झाले की पुढचा प्रश्न ‘मूळचे कुठले?’ हाच असतो, आणि ज्या गावात तीन पिढ्यांत कोणी राहिलेले नाही त्या गावाचे नाव उत्तरादाखल सांगण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. मी आईला आधी ‘हो’ म्हणाले. मग ‘नाही, म्हणजे तसा नाही’ म्हणाले. मग समजावून सांगायला लागले आणि गाडीपाशी परत येईपर्यंत बोलतच राहिले, तरी उत्तर काही पुरे झाले नाही. तेच आता सवडीने लिहून काढते आहे.

मला स्वतःला हा विषय लागला तो ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याला गळ टाकून ट्राउट धरण्याचे वेड आहे. एकदा त्याने आर्कान्सा नदीत पकडून परत सोडलेल्या एका देखण्या माशाचे छायाचित्र दाखवले आणि मी कौतुकाने म्हणाले, “वा, नेटिव्ह ट्राउट!” त्याचा चेहरा शुद्धलेखनाची चूक दिसलेल्या मास्तरांसारखा झाला. नेटिव्ह नव्हे, वाइल्ड, असे त्याने मला सांगितले. हा ब्राउन ट्राउट आहे, त्याचे पूर्वज युरोपातले. मग त्याने हे तीन शब्द मला नीट समजावले. एखादी जात त्या नदीच्या खोऱ्यात माणसाचा हात न लागता आली, तिथेच घडली, तर ती नेटिव्ह. एखादा मासा त्या नदीच्या खडीत घातलेल्या अंड्यातून जन्मला आणि नदीनेच त्याला वाढवले, तर तो वाइल्ड, मग त्याचे आजोबा-पणजोबा कुठूनही आलेले असोत. आणि मत्स्यबीज केंद्राच्या सिमेंटच्या हौदात वाढून टँकरने नदीत आलेला तो स्टॉक्ड. हा तिसरा ओळखूही येतो म्हणे, कारण हौदाच्या भिंतींना आणि एकमेकांना घासून त्याचे पर झिजलेले, बोथट झालेले असतात.

म्हणजे पहिला शब्द जातीविषयी आणि जागेविषयी आहे, दुसरा शब्द एकेका माशाच्या जन्माविषयी आहे. दोन वेगळ्या पट्ट्यांनी घेतलेली ही दोन मापे आहेत, आणि जगातला बहुतेक गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो.

मराठीत या तिघांना शब्द शोधताना मी चांगलीच अडखळले. ‘गावठी’ म्हणावे तर त्यात स्थानिक आणि पाळीव हे दोन्ही अर्थ येतात. ‘रान’ हा शब्द पुढे लावला की रानडुक्कर, रानकेळ होते खरे, पण ते मूळचे आहे की आणलेले हे त्यातून कळत नाही. घाणेरी आज सह्याद्रीत रानभर माजली आहे आणि ती आलेली मात्र अमेरिका खंडातून. ‘विलायती’ हा तर बेफिकीर शब्द आहे. विलायती चिंच मेक्सिकोकडची, विलायतेशी तिचा काडीचा संबंध नाही. आणि ‘गावरान’ या आपल्या लाडक्या शब्दाने गाव आणि रान एकाच पिशवीत भरून गाठ मारून टाकली आहे. शेवटी मी माझ्यापुरते ठरवले: मूळचा, नदीजन्मा आणि सोडलेला. ‘सोडलेला’ हा शब्द आपल्याकडच्या मत्स्य खात्याचाच आहे. तलावात बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, सोडतात, तसा.

आता कोलोरॅडोच्या कुठल्याही नदीकाठी उभे राहिले, तर गळाला लागणाऱ्या माशांपैकी बहुतेक या तीन जातींचे असतात: ब्रुक, ब्राउन आणि रेनबो. तिन्ही इथे नदीजन्मे म्हणून नांदत आहेत आणि तिन्हींपैकी एकही इथला मूळचा नाही.

ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली १८८३ साली. जर्मनीतल्या फॉन बेहर नावाच्या उमरावाने ती न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख फ्रेड मॅथर यांना धाडली होती. थंड, ओलसर ठेवलेली ट्राउटची अंडी आत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की बराच प्रवास सोसतात. या एका गोष्टीवर साऱ्या जगभरचा ट्राउटचा प्रसार उभा आहे. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, मिशिगन राज्यातल्या एका नदीत त्यांची पिल्ले सोडण्यात आली आणि मग हा मासा थांबला नाही. रेनबो मुळात पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा आणि समुद्रापलीकडच्या, रशियातल्या कामचात्काचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘मायकिस’ हे कामचात्कातल्या लोकांच्याच शब्दावरून १७९२ साली दिले गेले. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीकाठी १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याची अंडी गोळा करण्याचे केंद्र निघाले आणि तिथून तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचला. कोलोरॅडोने तर १९५४ ते १९९४ अशी चाळीस वर्षे या पाहुण्यालाच अनौपचारिकपणे राज्याचा मासा म्हणून मिरवले.

रेनबोच्या प्रवासाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० च्या दशकात कोलोरॅडोतले रेनबो एका परजीवीने होणाऱ्या रोगाने धडाधड मेले. या रोगात पिल्ले गरगर फिरत मरतात. हा परजीवी मूळचा युरोपातला, ब्राउन ट्राउटला त्याची सवय झालेली. रेनबोला ती नव्हती. तेव्हा उपाय सापडला तो जर्मनीतल्या होफर नावाच्या मत्स्यपालन केंद्रात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून तिकडे गेलेल्या रेनबोचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या त्या परजीवीच्या सहवासात राहून टणक झाले होते. त्यांची अंडी परत आणून इथल्या रेनबोशी त्यांचा संकर केला गेला. आता या माशाला मूळचा कुठला म्हणायचे?

ब्रुक ट्राउटचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. तो खरे तर काटेकोर अर्थाने ट्राउटही नव्हे, ‘चार’ या जवळच्या कुळातला आहे; पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, उत्तरेच्या लाब्राडोरपासून दक्षिणेच्या जॉर्जियापर्यंत, तोच ओढ्यांचा मूळचा धनी. तिथल्या ग्रेट स्मोकी पर्वतात लोक त्याला प्रेमाने ‘स्पेक’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे प्रचंड वृक्षतोड झाली, ओढे तापले, गाळाने भरले, आणि पुढे तिथे सोडलेल्या रेनबोने स्पेकला वरवरच्या चिंचोळ्या झऱ्यांत कोंडून टाकले. तिथे तो पीडित आहे. तोच मासा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोरॅडोत आणला गेला आणि इथे तो मारेकरी ठरला. कारण साधे आहे. ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो, कटथ्रोट वसंताच्या अखेरीस. त्यामुळे कटथ्रोटची पिल्ले खडीतून डोके वर काढतात तेव्हा ब्रुकची पिल्ले आधीच चार महिन्यांची गुटगुटीत झालेली असतात. शाळेत लवकर येऊन खिडकीजवळचा बाक धरणाऱ्या मुलांनी उशिरा आलेल्यांना उभेच ठेवावे, तसा प्रकार. स्वभावात काही खोट नाही, पूर्वेत आणि पश्चिमेत मासा तोच आहे. बदलले आहे ते पाणी. ‘मूळचा’ हा गुण माशाच्या अंगात नसतो, तो मासा आणि पाणी यांच्यातले नाते सांगतो, हे मला ब्रुक ट्राउटने शिकवले.

आता बेअर क्रीककडे वळते.

ग्रीनबॅक हा साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यातला मासा. ही नदी आमच्या उत्तरेला, डेन्व्हर शहरातून वाहते. १८५८-५९ मध्ये तिकडे सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली. खाणींनी पाणी नासले, पाटबंधाऱ्यांनी ते पळवले, भुकेल्या माणसांनी मासे टोपल्यांनी उपसले आणि उरल्यासुरल्यांवर वर सांगितलेले तीन पाहुणे येऊन बसले. १९३० च्या दशकात ग्रीनबॅक नामशेष झाल्याचे मानले गेले. १९५० च्या दशकात रॉकी पर्वतातल्या काही आडबाजूच्या झऱ्यांत तो सापडल्याचे जाहीर झाले. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने त्याला संरक्षण दिले, सरकारी खात्यांनी आणि स्वयंसेवकांनी ओढ्यांमागून ओढे मोकळे करून त्यात तो सोडला, १९७८ मध्ये त्याचा धोका एका पायरीने कमी झाल्याचे ठरले, आणि १९९४ मध्ये रेनबोला बाजूला सारून ग्रीनबॅक कायद्याने राज्याचा मासा झाला. अशा कथेचा शेवट इथेच व्हायला हवा होता.

२००७ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकीय तपासणी केली तेव्हा ग्रीनबॅक म्हणून जपलेल्या काही कळपांत पर्वताच्या पश्चिम उतारावरचे, कोलोरॅडो नदीचे कटथ्रोट निघाले. मग जेसिका मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी खोल जायचे ठरवले. एकोणिसाव्या शतकात पकडून देशभरच्या संग्रहालयांत अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले मासे त्यांनी शोधले, दीडशे वर्षांपर्यंत जुन्या त्या कलेवरांतून डीएनएचे तुकडे मिळवले आणि आज जिवंत असलेल्या माशांशी ताडून पाहिले. त्याच वेळी जुन्या मत्स्यबीज केंद्रांची दप्तरे धुंडाळून कुठल्या वर्षी कुठले मासे कुठे सोडले याचा हिशेब जुळवण्यात आला. २०१२ मध्ये निष्कर्ष आला तो असा: साउथ प्लॅटच्या खऱ्या मूळच्या माशाचा वंश जगात फक्त एका ओढ्यात उरला आहे, आणि तो ओढा साउथ प्लॅटच्या खोऱ्यातच नाही. तो ओढा म्हणजे आमचा बेअर क्रीक. त्याचे पाणी दक्षिणेकडच्या आर्कान्सा नदीला मिळते. चारेक मैलांच्या पट्ट्यात सगळे मिळून साडेसातशेच्या आसपास मासे.

ते तिथे आले कसे, याचे उत्तर एका खाणावळवाल्यापाशी जाते. १८७०-८० च्या दशकांत जोसेफ जोन्स नावाच्या गृहस्थांनी बेअर क्रीकच्या उगमाजवळ जमीन घेतली होती. पाइक्स पीकवर जाणाऱ्या प्रवाशांची त्या वाटेने वर्दळ असे आणि त्यांना ताजा मासा मिळावा म्हणून जोन्स यांनी तळे करून त्यात मासे सोडले. खालच्या धबधब्यांमुळे हा ओढा त्याआधी बहुधा बिनमाशांचाच होता. तळ्यातले मासे ओढ्यात उतरले आणि राहिले. वरून सोडायला नंतर कोणी आले नाही, खालून चढायला धबधब्याने कोणाला वाट दिली नाही. मूळच्या खोऱ्यातली त्यांची सारी भावकी संपली, आणि प्रवाशांच्या ताटासाठी आणलेली ही शाखा तेवढी शिल्लक राहिली.

माझी अडचण आता वाचकांच्या लक्षात येईल. बेअर क्रीकमधला मासा त्या ओढ्याचा मूळचा नाही. तो माणसाने आणलेला आहे, तेही व्यापारासाठी. त्याच वेळी तो एका नदीच्या मूळपणाचा एकमेव जिवंत पुरावा आहे. आणि सव्वाशेहून अधिक वर्षे तो खडीतल्या अंड्यांतून आपला आपण जन्मतो आहे, म्हणजे शंभर टक्के नदीजन्मा आहे. माझ्या सहकाऱ्याचे तिन्ही चोख शब्द या वीतभर माशाला एकाच वेळी लागू पडतात.

पुढची गोष्ट आणखी वळणाची आहे. या माशांपासून अंडी घेऊन ती मत्स्यबीज केंद्रांत वाढवण्यात येऊ लागली. इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेला कळप, साहजिकच नात्यातल्या नात्यात लग्ने होऊन अशक्त झालेला; केंद्रात कुठला नर कुठल्या मादीशी जुळवायचा याचा हिशेब आपल्याकडचे गोत्र पाहणारे भटजी ठेवतील त्याहून काटेकोरपणे ठेवावा लागतो. त्या पिल्लांना मग साउथ प्लॅटच्या खोऱ्यात परत नेण्यात आले. २०१४ मध्ये झिमरमन लेक या तळ्यात आणि २०१६ मध्ये हर्मन गल्च या ओढ्यात, जिथे स्वयंसेवकांनी पाण्याने भरलेल्या पिशव्यांत बोटुकली घालून त्या पाठीवरून डोंगर चढून नेल्या. म्हणजे मूळच्या खोऱ्यातला मासा सोडलेला, आणि सोडलेल्या खोऱ्यातला मासा नदीजन्मा, अशी उलटापालट काही वर्षे राहिली. २०२२ मध्ये हर्मन गल्चमध्ये ग्रीनबॅकने स्वतःहून प्रजा वाढवल्याचे जाहीर झाले तेव्हा ती थोडी सुलट झाली.

बोटुकली सोडण्याआधी काय करावे लागते, हे मात्र स्वयंसेवकांच्या हसऱ्या छायाचित्रांत दिसत नाही. ओढ्यात आधीपासून असलेले मासे काढून टाकावे लागतात, आणि ते जाळ्याने निघत नाहीत. पाण्यात रोटेनोन हे विष घालतात. ते काही झाडांच्या मुळांतून मिळते आणि माशांची श्वसनक्रिया बंद पाडते. ठरलेल्या सीमेखाली त्याचा परिणाम मारण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट सोडतात, त्यामुळे तेवढा काळ ओढा जांभळा वाहतो. हे वाचताना मला आईच्या माहेरची आठवण झाली. महाडकडे गेळाची फळे ठेचून डोहात टाकत आणि गुंगलेले मासे वर आले की टोपलीत भरत, असे ती सांगायची. विषाची युक्ती तीच. उद्देश मात्र खाण्याऐवजी शुद्धीकरणाचा.

या शुद्धीकरणापाशी मी बराच काळ अडून राहिले होते. ज्या मेलेल्या माशांना ‘चुकीचे’ म्हणतात तेही त्याच ओढ्यात जन्मलेले, त्यांच्या शंभर पिढ्या तिथे गेलेल्या. त्यांचा गुन्हा काय? गुन्हा नाहीच, हे खरे आहे. पण मारण्याचे समर्थन गुन्ह्यावर आधारलेले नाही. ब्रुक ट्राउटला राहायला अर्धा खंड आहे. ग्रीनबॅकला चार मैल होते. एका वणव्याने किंवा एका पुराने ते चार मैलही जाऊ शकतात. जिथे मूळचा वंश अजून वाचवता येतो तिथे त्याला जागा करून द्यावी, असे माझे आता मत झाले आहे, आणि त्यासाठी होणारी हत्या ही हत्याच आहे हे न लपवता ती करावी. पण जिथे मूळचा मासा परत येण्याची काही आशा उरलेली नाही, तिथल्या नदीजन्म्या ब्राउनला उपरा म्हणून हिणवण्यात मला अर्थ दिसत नाही. मॉन्टाना राज्याने १९७४ पासून आपल्या नद्यांत हौदातले ट्राउट सोडणे थांबवले, कारण मॅडिसन नदीच्या अभ्यासात असे दिसले की हौदातले मासे सोडल्याने नदीजन्मे मासे कमी होतात आणि सोडणे बंद केले की ते वाढतात. त्या नदीजन्म्यांत ब्राउन आणि रेनबोच होते, तिथले मूळचे कोणीच नव्हते. तरीही तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

‘शुद्ध’ या शब्दाची भीती मात्र राहतेच, आणि ती मला यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानाच्या गोष्टीने अधिक वाटते. यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा सापडला. कोणी तरी तो बेकायदा आणून टाकला होता. त्याने तिथल्या मूळच्या कटथ्रोटचा फडशा पाडला. कटथ्रोट अंडी घालायला उथळ झऱ्यांत चढतो, तिथे अस्वले आणि मत्स्यगरुड त्याच्यावर जगत. लेक ट्राउट सरोवराच्या खोलवर राहतो आणि तिथेच अंडी घालतो, म्हणजे अस्वलाला तो असून नसल्यासारखा. गेली कित्येक वर्षे जाळी लावून दर वर्षी तो लाखोंनी मारला जातो आहे. हे योग्यच आहे. पण याच उद्यानातल्या शेजारच्या लुइस सरोवरात लेक ट्राउट १८९० पासून आहे. तो तिथे मिशिगन सरोवरातून आणून सोडला होता. पुढे समुद्रातून कालव्यांवाटे आलेल्या लॅम्प्री नावाच्या रक्तशोषक जीवामुळे मिशिगन सरोवरातला मूळचा लेक ट्राउट १९५० च्या दशकात संपला, आणि त्याला पुन्हा वसवताना जे वंश वापरले गेले त्यांत या लुइस सरोवरातल्या माशांचाही समावेश होता. पाहुणा म्हणून पाठवलेल्याने घराचे बीज राखले होते.

भारतात ट्राउट मूळचा कुठलाच नाही, हे सांगितले की हिमाचलात जाऊन आलेल्या मंडळींना नवल वाटते. ब्राउन ट्राउटच्या नैसर्गिक प्रदेशाचे आग्नेय टोक हिंदुकुशाच्या उत्तर उतारावर, अमू दर्याच्या वरच्या पाण्यात संपते. अलीकडे सिंधूच्या खोऱ्यात तो स्वतःहून कधी उतरला नाही. काश्मीरला जाण्यासाठी १८९९ मध्ये निघालेली पहिली अंडी वाटेत मेली, आणि १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या खेपेतून, श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने, ब्राउन ट्राउट तिथे रुजला. १९०९ मध्ये तो कुलूला पोचला आणि बियास, तीर्थन या नद्यांत पसरला. नीलगिरीत आणि मुन्नारच्या उंच कुरणांत रेनबो गेला. इंग्रज साहेबाला सुट्टीत गळ टाकायला ओळखीचा मासा हवा होता, एवढेच त्याचे मूळ.

तिथला मूळचा मासा कोण होता? उत्तराखंडात ज्याला असेला म्हणतात तो. त्याला इंग्रजांनी ‘स्नो ट्राउट’ असे नाव देऊन टाकले, कारण तो थंड पाण्यात राहतो आणि बारीक खवल्यांचा आहे. प्रत्यक्षात तो आपल्या रोहू-कटल्याच्या भावकीतला आहे. ज्याची जागा परका ट्राउट बळकावतो आहे, त्याला नावही ट्राउटचेच चिकटले. आज असेला संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे आणि त्याच्या कारणांत धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी मासेमारी यांच्याबरोबर ट्राउटचेही नाव येते. पण तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिले गेले नाहीत, यात ट्राउटच्या प्रतिष्ठेचाही हातभार आहे, आणि मोकळ्या वाहत्या नदीचा लाभ असेल्यालाही होतोच. इथे मला कुठलाही निवाडा देता येत नाही.

तो देण्याचा अधिकार पुण्याच्या माणसाला तर मुळीच नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाच्या काठी आम्ही शाळेच्या सहलीला जात असू. तिथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनच्या महाशीरची पैदास होत आली आहे. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळामुठेतल्या नमुन्यांवरून या माशाचे वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे नाव त्याला शास्त्रात दिले. धरणांनी संपत चाललेला हा मासा वाचावा, म्हणून लोणावळ्याहून त्याची बोटुकली देशभर गेली आणि कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून एक स्वतःचा महाशीर होता, पाठीला कुबड असलेला, माणसाएवढ्या वजनाचा. लोणावळ्याचा पाहुणा वाढत गेला तसतसा तो दिसेनासा झाला. शास्त्रज्ञांनी त्याची नेमकी ओळख पटवून त्याला हक्काचे नाव लावले ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. मुळामुठेचा मूळचा मासा कावेरीत उपरा ठरतो, एवढे साधे गणित कोणी मांडले नव्हते.

या सगळ्यावरून माणसांच्या स्थलांतराविषयी काही सुचवावे, असा मोह मला परदेशी राहत असल्यामुळे अनेकदा होतो आणि मित्रमंडळींकडून तसा आग्रहही होतो. तो मी टाळते. माणूस जिथे जातो तिथली भाषा शिकतो, सोयरिकी जोडतो, भांडतो आणि मिटवतो. ब्रुक ट्राउटच्या पिल्लाला यातले काही करता येत नाही, त्याला फक्त आधी जन्मता येते. ट्राउटला ट्राउटच राहू द्यावे.

आईला मी त्या दिवशी यातले निम्मेअर्धे सांगितले असेल. तिने जोन्स यांच्या तळ्यापर्यंत लक्ष देऊन ऐकले आणि मग म्हणाली, “म्हणजे खाणावळीसाठी आणला आणि देवासारखा जपला. आमच्या वाळणकोंडात उलटं आहे. ते देवाचेच मासे, त्यांना कोणी खातच नाही.” काळ नदीच्या त्या डोहातल्या महाशीरांना तिने लहानपणी हातांनी चुरमुरे घातले होते. बोलता बोलता तिने पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि पाण्याकडे पाहिले. इथे काही टाकायचे नसते, असे मी म्हणाले.

“मग याला जपलं म्हणजे काय केलं?”

“एकटं सोडलं,” मी म्हणाले.

तिने पुडीची घडी घातली. तेवढ्या हालचालीने मासा खडकाखाली गेला, आणि आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो तरी तो पुन्हा बाहेर आला नाही.